वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये शेगडी नको

‘थंडीची लाट, जीव वाचवा, सर्वांना पाठवा’ हा मेसेज चार ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. परवा आई म्हणाली, “माळ्यावरची शेगडी काढ, वॉचमनकाकांना देऊ.” मग मात्र तो नीट वाचावा लागला. कृती अशी: कोळसे लाल होऊन धूर थांबला की शेगडी आत घ्या, दारं-खिडक्या लावा, शेजारी पाण्याची बादली ठेवा, म्हणजे विषारी वायू पाणी शोषून घेतं. गरजूंनाही द्या, पुण्य लागेल.

काकांची केबिन पत्र्याची, जेमतेम खुर्ची मावेल एवढी. पुण्य कसलं, सकाळी काकांना उचलायला माणसं बोलवावी लागतील!

धूर थांबला म्हणजे वायू थांबला, हे कुणी सांगितलं? लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने ठसकाही लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. बादलीचं म्हणाल तर हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बंद खोलीत कोळसा पेटवू नका, हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण दर थंडीत सांगतं. पण ते कोण फॉरवर्ड करणार?

“आमच्या वाड्यात शेगडी असायचीच की,” आई म्हणाली. असायची. पण तिथे कौलांच्या फटींतून वारा आरपार जायचा, स्लायडिंगच्या काचा नव्हत्या. (बिनझरोक्याच्या बाथरूममधला गॅस गीझरही हाच उद्योग करतो, जाता जाता सांगितलं.)

मेसेजमध्ये उबेसाठी ब्रँडीचा घोटही सुचवलाय: त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते. रात्रपाळीच्या माणसाला तर मुळीच नको.

मेसेजमधलं ‘थंडीने कापणं थांबलं की धोका टळला’ हे वाक्य मात्र घातक. कुडकुडून शरीर उष्णता तयार करतं, इथपर्यंत खरं. पण गारठलेला माणूस अजून थंडच असताना कापायचा थांबला, अडखळत बोलू लागला, पेंगू लागला, तर 108 ला फोन करायचा. तोवर ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात गुंडाळायचं.

‘पुण्यातली आजवरची सर्वांत भीषण थंडी’ म्हणे. आकडा दिलेलाच नाही. हवामान खात्याच्या नोंदीत पुण्याचा नीचांक 17 जानेवारी 1935 चा आहे, 1.7 अंश. मेसेज लिहिणाऱ्याने सिमला ऑफिसवरून (हवामान खात्याचं पुण्यातलं ऑफिस) बस तरी पकडली असेल का, शंका आहे.

बाजरी, तीळ, गूळ खा, एकावर एक कपडे घाला, हे बरोबर आहे. ठीक.

काकांना घोंगडी, कानटोपी आणि थर्मासभर चहा दिला. शेगडी उघड्या गॅलरीत आहे, रविवारी तिच्यावर भरताची वांगी भाजायची आहेत.