नाक दाबून मोजलेले सेकंद आणि त्यांचा भरवसा

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मेसेज फिरतोय. सकाळी नेहमीसारखा श्वास सोडा, नाक दाबा आणि राहवेनासं होईपर्यंतचे सेकंद मोजा. 40 च्या वर गेलात तर तुमचा मेंदू कार्बन डायऑक्साइडला सरावलेला. 20 च्या आत असाल तर दमा नि निद्रानाश दारात उभे. हा आकडा म्हणे प्रयोगशाळेतल्या चाचणीइतकाच खात्रीचा. दर आठवड्याला मोजायचं, वाढला की सुधारणा झाली म्हणायचं. हरमल-मांद्रेकडच्या श्वसनाच्या वर्गांत यासाठी हजारो रुपये घेतात, असंही खाली जोडलंय. फुकटात मिळालं की पटायला सोपं जातं.

फुप्फुसांच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम, म्हणून यातला एकेक दावा तपासतो.

श्वासाची दोरी कार्बन डायऑक्साइडच्या हाती असते, इतपत मेसेज बरोबर आहे. हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी 1905 मध्येच दाखवलं होतं की फुप्फुसांतल्या हवेत हा वायू जेमतेम 0.2 टक्क्यांनी वाढला, तरी श्वसन जवळजवळ दुप्पट होतं. घोटाळा पुढे आहे. नाक दाबून मोजलेल्या सेकंदांत या वायूखेरीज बरंच काही मिसळलेलं असतं: श्वास सोडल्यावर छातीत उरलेली हवा, शरीर किती ऑक्सिजन खर्च करतंय, सवय, आणि निव्वळ जिद्द. 1954 मध्ये फाउलर यांनी एक सुंदर प्रयोग केला. श्वास रोखून असह्य झालेल्या माणसांना त्यांनी मुद्दाम कमी ऑक्सिजनचा आणि भरपूर कार्बन डायऑक्साइडचा वायू हुंगायला दिला. रक्ताची स्थिती काही सुधारली नाही, पण छाती हलली एवढ्यानेच त्यांना हायसं वाटलं आणि ते पुन्हा श्वास रोखू शकले. मग त्या सेकंदांनी नेमकं मोजलं काय?

आता ‘प्रयोगशाळेइतकाच खात्रीचा’ या वाक्याकडे येऊ. मला हसू आलं ते इथे, कारण कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर श्वसन किती वाढतं हे मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणीही म्हणावी तितकी खात्रीची नाही. ऑस्ट्रेलियातल्या रीड यांनी 1967 मध्ये रूढ केलेली पद्धत अशी: नाकाला क्लिप, तोंडात माउथपीस आणि पुढे काही लिटरची पिशवी, तिच्यात 7 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी ऑक्सिजन. तीच हवा चारेक मिनिटं आत-बाहेर करायची. ऑक्सिजन एवढा अशासाठी की मानेतल्या, रक्तातला ऑक्सिजन जोखणाऱ्या कॅरोटिड बॉडी गप्प बसाव्यात आणि उत्तर मुख्यतः मेंदूकडून यावं. वायूचा दाब पाऱ्याच्या 1 मिलिमीटरने वाढला की मिनिटाला किती लिटर हवा जास्त ओढली जाते, याच्या आलेखातल्या रेघेचा उतार म्हणजे निकाल.

ही रेघ काढताना खरी गंमत कळते. पिशवी, फुप्फुसं आणि रक्त यांतला वायू एकसारखा होईतो पडद्यावरची रेघ सपाट चालते, मग तिरकी चढू लागते. उतार कुठून धरायचा हे त्या वळणावर बोट ठेवून ठरवावं लागतं, आणि दोघांची बोटं दोन ठिकाणी पडतात. दाट मिशांच्या माणसाच्या ओठाच्या कोपऱ्यातून हवा निसटली तर सगळीच रेघ वाया. कडक कॉफी, अपुरी झोप, स्त्रियांमध्ये पाळीच्या चक्रात वरखाली होणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक, पहिल्यांदा क्लिप लावल्याची धास्ती, या सगळ्यांची छाप निकालावर पडते. एकाच धडधाकट माणसाचा उतार दोन दिवसांत पाचव्या हिश्श्याने हलला तरी आम्हाला नवल वाटत नाही. दोन निरोगी माणसांच्या उतारांत तर कित्येक पटींचा फरक निघतो. पिशवीऐवजी ठरावीक मिश्रण बराच वेळ हुंगायला देण्याची दुसरी पद्धत आहे. तिचा उतार पहिलीशी जुळत नाही. म्हणून कुठलाही उतार सांगताना पद्धत कोणती आणि चाचणी किती वेळा घेतली, हेही सांगावं लागतं. मेसेजमध्ये यातलं काही नाही.

‘आठवड्याला वाढतो म्हणजे सुधारणा’. वर्गातल्या सगळ्यांचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बरोबर 10 सेकंदांनी जास्त आला असं धरा. सहसंबंध काढलात तर तो शंभर टक्के येईल आणि कोणीतरी सांगेल, बघा, चाचणी किती भरवशाची! पण दोन मोजण्यांत एकदाही मेळ नाही. संख्याशास्त्रज्ञ ब्लँड आणि आल्टमन यांनी 1986 मध्ये सहसंबंध आणि मेळ यांतला हाच फरक उलगडून दाखवला. शिवाय श्वास रोखणं सरावाने जमतं, मेंदूची प्रतिक्रिया तसूभर न बदलताही. काहीच सराव न करता तुमचा आकडा रोज किती हलतो, हे आधी बघा. त्याहून मोठा बदल झाला, तरच त्यावर बोलण्यात अर्थ.

20 च्या आत म्हणजे दमा, याला आधार नाही. उलट ‘मेंदू सरावलेला असणं’ नेहमी चांगलंच असतं असंही नाही. अतिस्थूलतेमुळे ज्यांचं श्वसन मंदावतं, त्यांच्या रक्तात हा वायू साठत जातो आणि मेंदू त्याकडे काणाडोळा करायला लागतो. तो आजार आहे, फिटनेस नव्हे. बोटाला ऑक्सिमीटर लावून ताडून बघा असंही कोणी पुढे जोडलंय. ते यंत्र ऑक्सिजन दाखवतं, कार्बन डायऑक्साइड नाही.

मेसेजची एक वाढीव आवृत्तीही पाहिली: पोहण्याआधी भराभर वीस खोल श्वास घ्या, पाण्याखाली दुप्पट वेळ टिकाल. ही मात्र जीवघेणी आहे. भराभर श्वासांनी ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो. श्वास घ्यावासा वाटण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो. तो हात हलवत नाही, ओरडत नाही, त्यामुळे किनाऱ्यावरच्या लाइफगार्डलाही चटकन कळत नाही. ही आवृत्ती तुमच्या गटात आली असेल तर ॲडमिनला सांगून आजच काढायला लावा.