कुंपणाच्या आतला विश्वास

आदरणीय वाचक, सप्रेम सलाम.

नावापुरत्या ख्रिस्तीपणावरील माझ्या लेखावर आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी शांतपणे तीनदा वाचली. आपले म्हणणे असे की, सवयीचा आणि सोयीचा ख्रिस्ती धर्म हे युरोप-अमेरिकेचे दुखणे आहे, कारण तिथे सारा समाजच स्वतःला ख्रिस्ती म्हणवत आला. महाराष्ट्रात मात्र २०११ च्या जनगणनेनुसार आपण शेकडा एकही भरत नाही, इथे ख्रिस्ती राहण्याची किंमत मोजावी लागते, आणि तरीही मी परक्यांचा आजार आपल्या माणसांच्या माथी मारला. शिवाय आपण विचारले आहे की, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग टाळ-मृदंगावर गाणाऱ्या माणसाने संस्कृतीला कोणत्या तोंडाने नावे ठेवावीत?

पहिल्या आक्षेपातील एक गोष्ट मला पूर्णपणे मान्य आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे बाप्तिस्मा घेतलेल्या दलित कुटुंबाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या लागू झाल्या, ख्रिस्ती दलित मात्र आजही बाहेरच आहेत. हे ठाऊक असूनही ज्या घरांनी उघडपणे ख्रिस्ताचे नाव लावले, त्यांच्या विश्वासाला सोयीचा म्हणण्याचा मला अधिकार नाही. माझ्या लेखातून तसा अर्थ निघत असेल, तर ते वाक्य मी मागे घेतो.

तरीही संख्येने थोडे असलेल्यांच्या वाट्याला सोय येतच नाही, हे मला पटत नाही. बाहेर ऊन जितके कडक, तितकी मिशनच्या कंपाउंडातली सावली सोडवत नाही. आपली शाळा, आपला दवाखाना, आपले कब्रस्तान, नाताळची कॅरल पार्टी, हंगामाच्या सणाला अर्पण केलेल्या धान्या-फळांचा लिलाव, या सगळ्यांत माणूस जन्मापासून मातीआड होईपर्यंत सुखाने वावरू शकतो, आणि ‘तू मला कोण म्हणतोस?’ हा प्रभूचा प्रश्न त्याला एकदाही ऐकू येत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट सांगतो. दोन्ही घरे चार पिढ्यांची ख्रिस्ती. प्रार्थना झाली, पोहे झाले, मुलाच्या नोकरीची चौकशी झाली, आणि मग मुलाच्या काकांनी बशी खाली ठेवत, आवाज थोडा उतरवून विचारले, “मिशनात येण्याआधी आपण मूळचे कोण?” माझे वडील चर्चच्या मंडळीचे ‘एल्डर’, म्हणजे जबाबदार पंच होते, त्यांनी क्षणभर बशीकडे पाहिले आणि उत्तर दिले. ते ऐकून पाहुण्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. बायबलमधील गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातला, ख्रिस्तामध्ये सर्व एक असल्याचा शास्त्रभाग आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता, मलाही होता, आणि मी गप्प बसलो. मी ज्याला सोयीचा विश्वास म्हणतो, तो हा आहे. तो अमेरिकेतून आलेला नाही. आमच्या बैठकीच्या खोलीतला आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण म्हणूनच मला मोठे वाटते. पतीने, म्हणजे याच ना. वा. टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळेओवळे त्यांनी लगेच सोडले नाही. परंतु ते सुटले तेव्हा मनापासून सुटले, आणि बाप्तिस्मा त्याच्या नंतर आला. आमच्याकडे बाप्तिस्मा आधी झाला आणि सोवळे चार पिढ्या माळ्यावर जपून ठेवले गेले.

आपण पंडिता रमाबाईंचाही दाखला दिला आहे, की त्यांच्यासारख्यांनी किंमत मोजली म्हणूनच आपला विश्वास अस्सल ठरतो. त्यांनी किंमत मोजली यात शंका नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर पुण्या-मुंबईतील किती माणसे त्यांना दुरावली, आणि तिथल्या धर्मभगिनींशीही त्या किती निर्भयपणे वाद घालत राहिल्या, हे त्यांच्या पत्रांत दिसते. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, हा आग्रहसुद्धा त्यांनी धरला. पण याच रमाबाईंनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या आत्मकथनात, लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. तेव्हा त्या शारदा सदन चालवत होत्या, विधवांना आसरा देत होत्या. इतके सगळे पणाला लावलेल्या बाईला जर हे स्वतःविषयी म्हणावे लागले, तर आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला दाखवून आपली सुटका कशी होईल? पूर्वजांनी मोजलेली किंमत आपल्या खात्यावर जमा होत नाही.

आता अभंगांविषयी. टिळक तुकोबांनी बांधलेल्या सेतूवरून ख्रिस्ताच्या पायांशी आले, असे ते स्वतःच सांगत. त्यांच्या काळी उपासनेत इंग्रजी चालींची भाषांतरित गीते रूढ होती. तिथे अभंग आणि कीर्तन नेणे हे रुळलेल्या कानांना जागे करणे होते. त्यांना आपल्या भाषेत देवाशी बोलायचे होते, आणि त्या ओढीने १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरीही सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मी संस्कृतीला नावे ठेवत नाही. मला खंत याची आहे की, तेच अभंग आज मी ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक न उघडता, शब्दांकडे लक्ष न देता म्हणू शकतो.

शेवटी आपण विचारता, मग आम्ही सोडायचे तरी काय? नाताळ नको, हंगामाचा सण नको, असे मी कधीही म्हणणार नाही. माझ्यापुरते सांगतो. यंदा माझ्या मुलीचे स्थळ पाहणे सुरू आहे. आम्ही घरात ठरवले की ‘मूळचे कोण’ हा प्रश्न आम्ही विचारणार नाही आणि कोणी विचारला तर उत्तर देणार नाही. दोन कुटुंबांनी तो विचारला. एकाचा पुन्हा फोन आला नाही. दुसऱ्या घरातल्या आजी बराच वेळ गप्प राहिल्या. ते कुटुंब येत्या रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे जेवायला येणार आहे.