गोळ्या पोटात वर्षानुवर्षं पडून राहत नाहीत, आणि त्या कुटून तर अजिबात घेऊ नका

परवा मावशीला उठता उठता चक्कर आली, बीपी मोजलं तर एकदम खाली. खोदून विचारलं तेव्हा कळलं की दोन दिवस ती बीपीची गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून भुगा करून गरम पाण्यातून घेतेय. का, तर व्हॉट्सॲपवर मेसेज आला. एक्सरेचा फोटो आणि खाली मजकूर: गोळ्या पोटात वर्षानुवर्षं अख्ख्या राहतात, कोटिंग प्लॅस्टिकचं असतं, शौचात टरफल दिसलं म्हणजे औषध लागलंच नाही, म्हणून प्रत्येक गोळी कुटून घ्या आणि डाव्या कुशीवर झोपा.

आधी तो फोटो. बहुतेक गोळ्या एक्सरेत नीट दिसतच नाहीत. लोहाच्या, पोटॅशियमच्या अशा काही ठळक दिसतात. आणि एका फोटोवरून गोळी तिथं तासाभरापूर्वी गेली की वर्षापूर्वी हे कसं कळणार?

गोळी पोटात काय करते हे बघायची खरी पद्धत वेगळी आहे. गोळीत टेक्नेशियमचा अगदी कणभर किरणोत्सारी अंश घालतात, सहा तासांत त्याची ताकद निम्मी होते, आणि त्याचे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यानं थोड्या थोड्या वेळानं फोटो काढत राहतात. स्क्रीनवर आधी एक घट्ट ठिपका दिसतो, गोळी फुटायला लागली की तो पसरतो, धूसर होतो. १९८६ साली डेव्हिस, हार्डी आणि फारा या संशोधकांनी 'गट' (Gut, म्हणजे आतडं) या वैद्यकीय जर्नलमध्ये अशा बऱ्याच तपासण्या एकत्र मांडल्या. लहान आतडं पार करायला गोळी असो, बारीक दाणे असोत की पातळ औषध, साधारण ३ तास, तास इकडेतिकडे. वर्षं नाहीत, तास!

हां, एक मान्य करते. न फुटणारी मोठी गोळी भरल्या पोटी घेतली आणि वर खाणं चालूच ठेवलं तर ती जठरात बरेच तास थांबू शकते, कारण जठर झाडून काढणारी जोरदार लाट उपाशीपोटीच येते, दीड-दोन तासांनी एकदा. क्वचित, विशेषतः खूप गोळ्या एकदम घेतल्यावर, त्यांचा गोळा होऊन अडकतो हेही खरं. पण ते अपवाद आहेत, रोजची एक गोळी घेणाऱ्याला लागू नाहीत.

कोटिंगचं म्हणाल तर साधं कोटिंग पाण्यात विरघळतं. काही मुद्दाम जठरातल्या ॲसिडमध्ये टिकून आतड्यात विरघळतील अशी केलेली असतात.

आता टरफल आणि कुटणं, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. काही गोळ्यांचं बाहेरचं कवच विरघळायचं नसतंच. त्याला लेझरनं पाडलेलं बारीक भोक असतं, आत पाणी शिरतं, औषध हळूहळू दिवसभर बाहेर ढकललं जातं आणि रिकामं कवच शौचावाटे पडतं. म्हणजे टरफल दिसलं याचा अर्थ औषध लागलं नाही असा होतच नाही. आणि अशी हळूहळू सुटणारी गोळी कुटली की चोवीस तासांचा डोस एकदम अंगात जातो, बीपीची असेल तर बीपी धाडकन खाली येतं, आणि मावशीची गोळी नेमकी तसलीच आहे, पाकिटावर नावापुढं 'एक्सआर' (एक्सटेंडेड रिलीज, म्हणजे हळूहळू सुटणारी) छापलंय.

डाव्या कुशीचं तर उलटंच आहे, जठरातून पुढं जायची वाट उजवीकडं असते.

गोळी गिळता येत नसेल तर डॉक्टरांना पातळ औषध किंवा दुसरी गोळी विचारा, कुटायच्या आधी विचारा. मावशीला डॉक्टरांकडे नेऊन आणलंय, गोळी परत अख्खी सुरू आहे.