मूठभर दाणे धुऊन-दळून पाठवले, तर तपासणी कशाची होणार?

धान्यातले कीटकनाशकांचे अवशेष तपासून घ्यायचे असतील तर काय करावे, हे सांगणारा एक संदेश खूप फिरतो आहे. वरच्या पोत्यातून मूठभर दाणे घ्या, स्वच्छ धुवा, उन्हात वाळवा, मिक्सरवर दळून चाळा आणि पीठ कोणत्याही पिशवीत भरून प्रयोगशाळेला द्या. यंत्रे आता इतकी सूक्ष्म झाली आहेत की एवढे पुरते, असेही त्यात म्हटले आहे. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण अशा नमुन्याचा अहवाल त्या धान्याबद्दल काहीच सांगत नाही. तरीही लोक त्याच्या भरवशावर घरात काय शिजवायचे ते ठरवतील, म्हणून हे लिहायलाच हवे.

‘मूठभर पुरते.’ यंत्रे सूक्ष्म आहेत, हे खरे. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतका अवशेषही त्यांना सापडतो. पण समोर ठेवलेल्या नमुन्यापलीकडचे त्यांना काही दिसत नाही. क्वेचर्स या अवशेष तपासण्याच्या प्रचलित पद्धतीत साधारण ५ ग्रॅम पीठ घेतात. ढीग १० टनांचा असेल, तर हा त्याचा वीस लाखावा भाग झाला. औषध काही सगळ्या दाण्यांवर सारखे बसत नाही, आणि वरच्या पोत्यावरून खालच्याचा अंदाज येत नाही. म्हणूनच कोडेक्स या अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक पद्धतीत एकजीव नसलेल्या मालासाठी ५० किलोच्या आत ३, ५०० किलोपर्यंत ५ आणि त्यापुढे किमान १० ठिकाणांहून धान्य काढायला सांगितले आहे. प्रयोगशाळेकडे किमान १ किलो नमुना जायला हवा. वेगवेगळ्या जागांचे धान्य एकत्र कालवायचे, त्याची रास करून ती सपाट करायची, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे बाजूला काढायचे आणि हवे तेवढे उरेपर्यंत हेच करत राहायचे. तळाला बसलेली धूळही त्या त्या भागाबरोबर जाऊ द्यायची, कारण औषधाचा बराच अंश तिच्यात असू शकतो.

‘आधी धुवा.’ सगळ्या संदेशात घातक सल्ला हाच. साठवणुकीत मारलेले औषध मुख्यतः दाण्याच्या वरच्या थरावर असते. ते धुऊन टाकायचे आणि मग शोधायचे, याला तपासणी कसे म्हणायचे? कमाल अवशेष मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त किती अवशेष चालेल तो आकडा, बाजारात येणाऱ्या अख्ख्या धान्यासाठी ठरवलेली असते, त्यामुळे तिच्याशी तुलनाही त्याच स्थितीतल्या धान्याची व्हायला हवी. ‘पण खाताना आपण धुतोच ना?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हवे असेल तर एकाच नमुन्याचे दोन भाग करा, एक न धुतलेला आणि एक धुतलेला, आणि दोन्हींवर तसे लिहून द्या. प्रयोगशाळेतही कोरड्या धान्याच्या पिठात पाणी घालतात, पण वजन केल्यानंतर, आणि ते पाणी फेकून देत नाहीत.

उन्हाबद्दल फार बोलायला नको. नैसर्गिक पायरेथ्रिनसारखी औषधे उजेडात लवकर नासतात, आणि ओलावा उडाला की किलोमागचा आकडाही बदलतो.

‘दळून, चाळून द्या.’ दळायला तर हवेच. समजा, बियाण्यासाठी औषध चोळलेला एकच दाणा किलोभर गव्हात मिसळला आहे. एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा धरला, तर किलोत २५,००० दाणे होतात आणि ५ ग्रॅममध्ये १२५. दळण्याआधीच ५ ग्रॅम उचलले, तर तो दाणा हाती लागण्याची शक्यता २०० त १ एवढीच. त्यावर ४० मायक्रोग्रॅम औषध आहे असे मानले, तर तो सापडल्यास आकडा किलोमागे ८ मिलिग्रॅम येईल आणि निसटल्यास शून्य. खरा आकडा मात्र ०.०४ आहे. त्यामुळे आधी अख्खा नमुना दळून एकजीव करायचा आणि मगच ५ ग्रॅम तोलायचे. पण हे काम घरच्या मिक्सरचे नाही. भांडे तापते आणि उडून जाणारी औषधे त्या उष्णतेने निघून जातात. प्रयोगशाळा अशा वेळी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) घालून थंड ठेवत दळतात, आणि दोन नमुन्यांच्या मध्ये यंत्र साफ करतात. चाळून कोंडा काढून टाकणे तर धुण्याइतकेच वाईट, कारण गव्हात अवशेष कोंड्यातच जास्त सापडतात. जाड कण चाळणीवर राहिले तर ते पुन्हा दळायचे, फेकायचे नाहीत. तेव्हा तुम्ही अख्खे दाणेच द्या.

‘कोणत्याही पिशवीत चालेल.’ खताची किंवा औषधाची रिकामी पिशवी असेल, तर अहवालात तिचेच अवशेष दिसतील. नवी, स्वच्छ, नीट बंद होणारी पिशवी घ्या, आणि नमुन्याचा दुसरा भाग तसाच सीलबंद करून जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट त्या संदेशात नाहीच. एकाच चाचणीत सगळी औषधे सापडत नाहीत. ग्लायफोसेट हे तणनाशक नेहमीच्या क्वेचर्समध्ये येत नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. धुरीतला फॉस्फिन हा तर वायूच आहे, त्याची तपासणीही वेगळी. म्हणून शेतात काय फवारले, गोदामात कशाची धुरी दिली आणि ती कधी, हे माहीत असेल तेवढे चिठ्ठीवर लिहून नमुन्यासोबत द्या. ‘आढळले नाही’ असा शेरा आला, तर कोणकोणती औषधे तपासली त्यांची यादी आणि प्रत्येकाची मोजमापाची किमान मर्यादा प्रयोगशाळेकडून मागून घ्या.