खात्री करूनच पुढे पाठवावे

डोंबिवली पूर्वेला आमची इमारत आहे. सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, आणि बातमी खरी की खोटी हे सांगायचं काम माझ्याकडे. हे पद मी मागितलं नव्हतं. ‘युनेस्कोने जन गण मन हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत जाहीर केलं, अभिनंदन!’ असा मजकूर एकदा सोसायटीच्या ग्रुपवर आला. त्याखाली मी लिहिलं की युनेस्को असली बक्षिसं वाटत नाही, ही जुनी थाप आहे, कृपया खात्री करूनच पुढे पाठवावे. संपलं. त्या दिवसापासून लोक मला जिन्यात अडवतात. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल. “जरा बघून सांगा हो, खरं आहे का हे?” सोनारापुढे अंगठी टाकावी तसा फोन माझ्यापुढे टाकतात. पण सोनार ‘पितळ आहे’ म्हणाला तर माणूस मुकाट्याने घरी जातो. मी ‘खोटं आहे’ म्हटलं की तो दोन पायऱ्या वर चढून, म्हणजे उंची गाठून, मला विचारतो, “तुम्ही नक्की कुठल्या पक्षाचे?”

दुसऱ्या मजल्यावरच्या एका पोराने माझ्या त्या वाक्याचं, माझ्या फोटोसकट, स्टिकर करून टाकलंय. फोटो सत्यनारायणाचा आहे. खांद्यावर उपरणं, हातात पळी, आणि खाली ‘कृपया खात्री करूनच पुढे पाठवावे’. गॅस सिलिंडर आला असं कुणी लिहिलं तरी खाली तो मी, पळी घेऊन हजर.

वास्तविक या पदाला मी लायक नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय अशी आवई उठली तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, मोबाइल नव्हता, आणि तरी ती दुपारपर्यंत देशभर पोचली होती. मी कॉलेजातून सायन्स घेऊन बाहेर पडलेला माणूस. वाटी-चमचा घेऊन दीड तास रांगेत उभा होतो. चमच्यातलं दूध खरोखर कमी झालं. पृष्ठताण वगैरे मला घरी आल्यावर आठवलं. हे मी इमारतीत कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही पुढे पाठवू नये.

माझे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा. रेल्वेतून निवृत्त, वय पंचाहत्तरच्या पुढे, मत ठाम. अण्णांचा छापील पेपरवरचा विश्वास ज्या दिवशी उडाला त्या दिवशी मी शेजारीच बसलो होतो, नव्हे, तो माझ्याच हातून उडाला. शनिवार, २३ नोव्हेंबर २०१९. निकाल लागून महिना झाला होता, सरकार नव्हतं, राष्ट्रपती राजवट होती. सकाळी पावणेआठला मी जिन्यात पेपर उघडून अण्णांना ठणकावून वाचून दाखवलं: उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, तिन्ही पक्षांचं ठरलं. अण्णा म्हणाले, काही होत नाही. मी म्हटलं, अण्णा, छापून आलंय. नाक्यावरच्या मिसळीच्या दोन प्लेटची पैज लागली. मी पेपराची घडी घालतो न घालतो तोच वरून काकूंनी हाक मारली, “अहो, टीव्ही बघा!” टीव्हीवर राजभवन, आणि शपथ घेत होते देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार. राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली होती. छापखान्यातून पेपर निघाला तेव्हा खरा होता, आणि माझ्या दारात पडेपर्यंत रद्दी झाला होता.

(त्या समारंभाला सगळा महाराष्ट्र ‘पहाटेचा शपथविधी’ म्हणतो. तो झाला आठच्या सुमारास. आमच्याकडे आठ वाजता नळ जाऊन दीड तास झालेला असतो, बादल्या भरून, आंघोळी होऊन लोक सात सातच्या लोकलने ठाण्यापलीकडे गेलेले असतात. आठला पहाट म्हणणाऱ्यांनी आमच्या काकूंची एकदा पहाट बघावी.)

मी मुकाट्याने मिसळ द्यायला तयार झालो. पण मंगळवारी, २६ तारखेला, त्या सरकारचे राजीनामे झाले, आणि २८ ला संध्याकाळी शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंनीच शपथ घेतली. मी शनिवारचा तोच पेपर रद्दीतून शोधून काढला आणि तिसऱ्या मजल्यावर गेलो. “अण्णा, बातमी खरी निघाली. मिसळ.”

अण्णांनी पेपर हातात घेतला, तारीख वाचली आणि म्हणाले, “ही पाच दिवस आधीची बातमी आहे. पाच दिवस आधी सांगतो त्याला बातमीदार नाही म्हणत, ज्योतिषी म्हणतात. ज्योतिष्यावर मी पैज लावत नाही.”

पैज तेव्हापासून प्रलंबित आहे. न्यायालयातही आमदारांच्या कितीतरी गोष्टी प्रलंबित राहिल्या, त्यामुळे आम्ही फार मनावर घेतलं नाही.

पेपर सुटला आणि अण्णा पुरते फोनकडे वळले. फोनवर एक सोय आहे. मजकूर फार फिरला की वर दोन बाण येतात आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शेरा येतो. कंपनीने तो सावध करायला ठेवलाय. अण्णा तो शिफारस म्हणून वाचतात. “अनेकदा फॉरवर्ड केलेला! म्हणजे किती लोकांच्या नजरेखालून गेलाय बघ. तुझा पेपर किती लोक तपासतात?” याला उत्तर नसतं. २०१८ साली अफवांमुळे माणसं मारली गेली, आपल्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जण गेले, त्यानंतर एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पाठवता येईल असं बंधन आलं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा मात्र ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “भिक्षा मागणारी माणसं होती रे ती.” त्या दिवशी ग्रुपवर त्यांचा शुभ प्रभातसुद्धा आला नाही.

पण दोन हजारांच्या नोटेची गोष्ट अण्णांच्या नावावर लिहून ठेवण्यासारखी आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात नवी गुलाबी नोट आली आणि तिच्यात चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला कळते, असं फोनवर आलं. एवढ्यावर अण्णांनी सोडूनही दिलं असतं. पण टीव्हीवर एका सुटाबुटातल्या माणसाने नोटेचा आराखडा काढून दाखवला. अण्णांनी एक नोट ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळली. फॉइलमधून सिग्नल जात नाही हे त्यांचं स्वतःचं संशोधन. मग ती इतकी सुरक्षित ठेवली की कुठे ठेवली ते उपग्रहाला आणि अण्णांना, दोघांनाही कळेना. त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशींना काकूंनी त्याच आठवड्यात तसलीच नोट पगारात दिली, तर मावशी म्हणाल्या, “चिप राहू द्या बाई, सुटे बघा.”

मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नोट परत मागवली. बँकांमध्ये भरायची मुदत वाढून ७ ऑक्टोबरला संपली. अण्णांची फॉइलची पुडी सापडली दिवाळीच्या साफसफाईत, नोव्हेंबरात, तांदळाच्या डब्याच्या तळाशी. मग मी आणि अण्णा डोंबिवलीहून बेलापूरला रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात गेलो. रांग बाहेर फुटपाथवर. पुढच्या गृहस्थाने विचारलं, “काका, किती आहेत?” अण्णा म्हणाले, “एक.” “एकीसाठी एवढ्या लांब?” मला राहवलं नाही. म्हटलं, “चिप असती तर डब्यात वाजली असती.” बेलापूर ते डोंबिवली अण्णा खिडकीबाहेर बघत आले.

हे सगळं एकीकडे आणि २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान, एकीकडे.

आदल्या रात्री अकराला अण्णांचा मजकूर आला. दोन बाण. ‘मतदार यादीत नाव नसेल तर घाबरू नका. आधार कार्ड दाखवा आणि कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा. टेंडर व्होट १४ टक्क्यांहून जास्त झाले तर फेरमतदान होईल.’ मी रात्री साडेबारापर्यंत शोधून काढलं. ४९ अ मध्ये मतदान यंत्राची रचना कशी असावी ते दिलंय. चॅलेंज म्हणजे तुमच्या ओळखीवर पोलिंग एजंटने घेतलेला आक्षेप. तो तुम्ही मागायचा नसतो, तो तुमच्यावर येतो. टेंडर व्होट म्हणजे तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर तुम्हाला मिळणारी वेगळी मतपत्रिका. १४ टक्के कुठेच नाहीत. आणि यादीत नाव नसेल तर मत नाही. हे सगळं नीट टाइप केलं, शेवटी माझं वाक्य जोडलं. अण्णांनी अंगठा पाठवला. मी समाधानाने झोपलो.

सकाळी नऊला शाळेत रांग होती. अण्णांचं नाव यादीत होतं, काकूंचं नव्हतं. अण्णांनी शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर पसरला. रात्रीचाच मजकूर, प्रिंट काढून. प्रिंट काढला की कुठलाही फॉरवर्ड शासन निर्णयासारखा दिसतो.

टेबलामागच्या बाई पेशाने शिक्षिका असाव्यात. वहीत ‘आई’ शब्द ऱ्हस्व इकाराने लिहिलेला सापडावा तशा त्यांनी तो कागद वाचला. “काका, असं काही नसतं.”

“४९ अ,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, ते यंत्राबद्दल आहे,” मी मागून म्हटलं.

“कुठे लिहिलंय? दाखव.”

दाखवणार काय! मोबाइल आत न्यायला मनाई. माझे सगळे पुरावे फाटकाशी इस्त्रीवाल्याच्या टपरीवर, काकूंच्या भाजीच्या पिशवीत. अण्णांचं खोटं कागदावर होतं आणि माझं खरं टपरीवर होतं.

बाई शांतपणे म्हणाल्या, “चॅलेंज म्हणजे हे एजंट तुमच्यावर आक्षेप घेतात ते. त्यासाठी त्यांना दोन रुपये भरावे लागतात.” अण्णांनी बाकावर बसलेल्या एजंटांकडे बघितलं. तिघे तीन पक्षांचे, एकाच पुडीतले पोहे खात होते. अण्णांनी खिशातून दोनचं नाणं काढून पहिल्यापुढे धरलं. “घे. घे आक्षेप.”

पोरगा आमच्याच गल्लीतला. घास तोंडात, उभा राहिला. “अण्णा, तुमच्यावर कसा घेऊ? तुम्ही मला स्कूटर शिकवलीत.”

“मग काकूंवर घे.”

“काकूंच्या घरचे लाडू खाल्लेत अण्णा.”

तिसऱ्याने, जो अण्णांच्या कट्टर विरोधी पक्षाचा, नम्रपणे विचारलं, “अण्णा, पोहे घेता?” रांगेतून मागून आवाज आला, “अहो, आम्हाला ऑफिसला जायचंय.” दुसरा आवाज: “आज सुट्टी आहे.” पहिला: “आम्हाला नाही.” मग रांगेतच सुट्टीवरून चर्चा सुरू झाली आणि आमचा खटला मागे पडला.

तेवढ्यात काकू, ज्या इतका वेळ भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता वाचत होत्या, म्हणाल्या, “मावशी म्हणाल्या होत्या, माझं नाव मागच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत गेलंय. खोली चार.”

“मावशी?” अण्णा म्हणाले. “मावशी काय निवडणूक आयोग आहेत?”

जवळजवळ होत्या. मावशींची सून अंगणवाडी सेविका आहे, आणि आमच्या भागाच्या मतदार यादीचं काम तिच्याकडे. ऑक्टोबरच्या उन्हात याद्या घेऊन ती सोळाही बिऱ्हाडांच्या दारावर आली होती. आमच्या दारावर आली तेव्हा मी फोनवर कसलीतरी खात्री करत होतो. “नंतर या” म्हणालो होतो. हे मला तिथे रांगेत आठवलं. मी पाढ्यांच्या तक्त्याकडे बघू लागलो.

मागची शाळा, खोली चार. नाव बरोबर, वय बरोबर, फोटोसुद्धा काकूंचाच. सात मिनिटांत काकू डाव्या तर्जनीवर शाई घेऊन बाहेर. शाई मैसूरला बनते आणि कित्येक दिवस जात नाही, अशी माहिती मी दिली. “हो का?” काकू म्हणाल्या आणि इस्त्रीवाल्याकडून पिशवी घ्यायला गेल्या.

घरी जाताना अण्णा एकदम थांबले. “मिसळवाला आज शाई दाखवली की दहा टक्के सूट देतोय. ग्रुपवर आलं होतं.” मला माहीत होतं. सकाळी सहालाच आलं होतं, दोन बाणांसकट, आणि मी त्याखाली लिहिलं होतं की हे कुठल्या तरी दुसऱ्या शहराचं असावं, असल्या आमिषांवर विश्वास ठेवू नये. खाली लगेच पळी घेतलेला मी.

तरी गेलो. गल्ल्यामागे पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं होतं: मतदारांना १० टक्के सूट, बोट दाखवणे. तिघांनी बोटं दाखवली. तर्रीत पाव बुडवत अण्णा म्हणाले, “ज्योतिष्याचा तिढा आज सोडवून टाकू.” बिल कुणी द्यायचं यावर दहा मिनिटं गेली आणि तेवढ्यात काकूंनी पैसे देऊन टाकले.

घरी आल्यावर मी प्रामाणिकपणे ग्रुपवर लिहिलं: ‘मिसळीच्या सवलतीची बातमी खरी आहे. मी स्वतः आत्ताच खाऊन आलो. सकाळच्या चुकीबद्दल क्षमस्व.’

मिनिटभर काही नाही. मग तिसऱ्या मजल्यावरून, जिथे अजून मिसळीचे ढेकर येत असतील, अण्णांनी स्टिकर पाठवलं. उपरणं, पळी, आणि खाली ते वाक्य.