डभोईची गाडी आणि साडेसहा मिलिमीटरचे रूळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बडोद्याजवळच्या डभोईच्या छोट्या गाडीचं मॉडेल १:१६० मापात (खऱ्याच्या एकशेसाठाव्या भागाएवढं), ६.५ मिलिमीटर अंतराच्या तयार रुळांवर करावं, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पहिला, साडेसहाला एकशेसाठनं गुणलं की डभोई राहत नाही, मीटर गेज होतं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). दुसरा, एवढी लहान इंजिनं वीतभर जाऊन अडतात. तिसरा, ज्याला खरंच नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, करायचंय त्यानं १:८७ मापात ९ मिलिमीटरचे रूळ घ्यावेत, बाकी सगळी हौसेची नासाडी.

पहिला आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. ६.५ गुणिले १६० म्हणजे १०४० मिलिमीटर. डभोईच्या छोट्या गाडीचं गेज अडीच फूट होतं, म्हणजे ७६२. मॉडेल ३६ टक्क्यांनी रुंद झालं. ते महू-पातालपाणीच्या गाडीला शोभेल, कारण १००० भागिले १६० म्हणजे ६.२५. डभोईला नाही शोभत. १:१६० मध्येच राहायचं तर ४.७६ मिलिमीटरचे रूळ लागतात. ते तयार मिळत नाहीत आणि त्यावर चालणारी चाकंही मिळत नाहीत. म्हणून लेखातला तो सल्ला मागे घेतो.

पण त्यावर उपाय १:८७ हा नाही. रूळ तेच ६.५ मिलिमीटरचे ठेवा आणि माप बदला. ७६२ भागिले १२० म्हणजे ६.३५. म्हणजे १:१२० मापात साडेसहाचे रूळ खऱ्या ७८० मिलिमीटरच्या जागी बसतात. तुमच्या ९ मिलिमीटरला ८७ नं गुणा: ७८३. चूक दोन्हीकडे जवळपास तेवढीच, अडीच टक्क्यांच्या आसपास. जागेत मात्र मोठा फरक पडतो. शंभर मीटरचा फलाट १:८७ मध्ये ११५ सेंटिमीटर होतो, १:१२० मध्ये ८३. क्षेत्रफळ तर जवळजवळ निम्म्यावर येतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये स्टेशन बसणार की नुसती एक सायडिंग (बाजूचा रूळ), हे याच हिशेबावर ठरतं. शिवाय २०२२ मध्ये हॉर्नबी या मॉडेल कंपनीनं १:१२० मापातली टीटी:१२० मालिका काढल्यापासून या मापातली माणसं, झाडं, घरं मिळवणं सोपं झालंय.

आता जे तुम्ही लिहिलं नाही, पण मला गेजइतकंच महत्त्वाचं वाटतं, ते. गेज अचूक असूनही मॉडेल नॅरो गेजचं दिसत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा रुळाची उंची असते. झेड मापाचा, म्हणजे आपल्या साडेसहा मिलिमीटरचा, तयार लवचीक रूळ साधारण कोड ६० चा असतो. कोड ६० म्हणजे इंचाचे साठ हजारांश, १.५२ मिलिमीटर. १:१२० मध्ये हा रूळ १८३ मिलिमीटर उंच झाला. आजच्या ब्रॉड गेजचा ६० किलोचा रूळसुद्धा १७२ मिलिमीटरचा असतो! आणि आपण करतोय ती लाइन कोणती? खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई-मियागाम गाडी बैल ओढायचे. रूळ इतके हलके होते की इंजिनं नियमित धावायला १८७३ उजाडलं. त्या लाइनला राजधानीचा रूळ लावला तर डोळा फसत नाही, गेज कितीही बरोबर असो.

कोड ४० घेतला तर उंची १.०२ मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात १२२. हे शोभतं. अडचण अशी की कोड ४० च्या तयार प्लास्टिक ट्रॅकवर रूळ धरणारे उंचवटे असतात आणि झेडच्या चाकांच्या कडा खोल असतात. गाडी त्या उंचवट्यांवर टकटक आपटत जाते, हलका डबा उतरतोही. म्हणून कोड ४० चे सुटे रूळ घेऊन तांब्याच्या स्लीपरवर (रुळाखालच्या आडव्या पट्टीवर) डाग द्यायचा, म्हणजे सोल्डरनं जोडायचं.

एक मीटर ट्रॅकचा हिशेब असा. भारतीय नॅरो गेजचा लाकडी स्लीपर १५०० बाय १८० बाय ११५ मिलिमीटरचा. १:१२० मध्ये तो १२.५ लांब, १.५ रुंद, जवळपास १ जाड. स्लीपर साडेपाच मिलिमीटरवर ठेवले तर मीटरला सुमारे १८० लागतात. सगळे तांब्याचे नकोत. दर पाचवा तांब्याचा आणि दोन्ही टोकांना लागोपाठ दोन-दोन, म्हणजे चाळीस पुरतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा ०.८ मिलिमीटरचा एका बाजूनं तांबं असलेला कोरा पीसीबी (सर्किट) बोर्ड त्यासाठी पट्ट्यांत कापायचा. उरलेले १४० त्याच जाडीच्या कार्डाचे किंवा लाकडी पट्टीचे, मुद्दाम थोडे वेडेवाकडे आणि लांबीला अर्धा मिलिमीटर कमी-जास्त. ब्रॉड गेजसारखी कवायतीची रांग इथे चुकीची दिसते.

प्रत्येक तांब्याच्या स्लीपरचं तांबं मधोमध कानसीच्या धारेनं तोडायचं. हे विसरलात तर दोन्ही रूळ जोडले जातात आणि शॉर्ट होतो. चाळीसपैकी नेमका कोणता स्लीपर दोषी हे ट्रॅक चिकटवल्यावर शोधायला संध्याकाळ जाते. त्यामुळे बसवण्याआधी एकेका स्लीपरला मल्टिमीटर लावा. रेघ दिसते तेवढ्यावर विसंबू नका, तांब्याचा केसाएवढा धागाही पुरतो.

डाग रुळाच्या बाहेरच्या बाजूनंच द्यायचा. ही बाब भिंग लावून बघण्यासारखी आहे. आतल्या बाजूला सोल्डरचा मोहरीच्या अर्ध्याएवढा थेंब राहिला तरी तो १ मिलिमीटरच्या रुळाच्या निम्म्या उंचीपर्यंत येतो. चाकाची कडा नेमकी तिथूनच जाते. बाहेरून टोक टेकवून दोन सेकंद थांबलं की सोल्डर रुळाच्या पायाखाली आपोआप ओढलं जातं आणि आतल्या कडेला नुसती चकाकणारी बारीक रेघ दिसते. ती दिसली की डाग बसला. २५ वॅटचा बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न, अर्धा मिलिमीटरची सोल्डर तार, थोडा फ्लक्स. शेवटी सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा, नाहीतर पावसाळ्यात रुळांच्या पायाशी हिरवं धरतं.

पहिला रूळ स्टीलच्या पट्टीला टेकवून सरळ लावा. दुसऱ्यासाठी बरोबर ६.५ मिलिमीटर रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी मध्ये धरा, सोल्डर तिला चिकटत नाही. वळणावर ६.६ केलं तर गाडी मोकळी जाते.

बडोद्याच्या उन्हाळ्याचा हिशेबही धरा. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ तीस अंशांच्या फरकानं जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो. जानेवारीत टोकाला टोक लावून बसवलेला ट्रॅक मे महिन्यात नागमोडी होतो. दर अर्ध्या मीटरला पाव मिलिमीटरची फट ठेवा. फट आली की रुळांमधून वीज पुढे जाईलच असं नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर खालून द्या.

दुसरा आक्षेप, इंजिन अडण्याचा. अडतात हे खरं, पण मापामुळे नाही. वजन कमी आणि वीज घेणारी चाकं कमी, म्हणून अडतात. इथे १:१२० चा एक फायदा आहे. झेडच्या डिझेल इंजिनाची रुंदी सुमारे १४ मिलिमीटर. नॅरो गेजचा डबा किंवा इंजिन सात फूट रुंद धरलं तर आपली बॉडी १७.८ मिलिमीटर होते. ०.८ च्या भिंती वजा केल्या तरी दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर उरतो. त्यात शिशाच्या पत्र्याच्या पट्ट्या बसवा, चासीच्या जितक्या खाली तितकं बरं. वजन छपरात भरलं तर गाडी वळणावर कलते. शिसं फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदानं चिकटवू नका. त्या गोंदातून सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लानं शिसं फुगतं आणि वर्ष-दोन वर्षांत बॉडी आतून फोडतं. इपॉक्सी वापरा आणि हात धुवा.

इंजिनाच्या मागचा पहिला डबा कायमचा जोडून टाका, त्याच्या चाकांवरूनही वीज घ्या आणि केसासारख्या मऊ तारेनं इंजिनात न्या. वीज घेणारी चाकं दुप्पट होतात आणि एखादा धुळीचा कण गाडी थांबवू शकत नाही. रूळ पॉलिश पेपरनं घासू नका, चरे पडतात आणि पुढची धूळ त्यातच बसते. कापडावर अल्कोहोल, बस. मेर्क्लिन कंपनीच्या झेड मोटरला १० व्होल्टच्या वर देऊ नका. मोठ्या गाड्यांचा १२ व्होल्टचा कंट्रोलर लावून मोटर जळते आणि दोष मापाला दिला जातो.

अजून एक कारण फार कमी जण तपासतात: खडी. या मापात खडीचा दगड अर्ध्या मिलिमीटरहून लहान हवा, म्हणून बरेच जण मैद्याच्या चाळणीनं नदीची वाळू चाळतात. त्या वाळूत काळे लोहकण असतात. मोटरचं चुंबक ते उचलतं आणि काही तासांत मोटर करकरायला लागते. वाळू कागदावर पसरून वरून चुंबक फिरवा, काळी मिशी निघायची थांबेपर्यंत. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंत तर साफ करणं सोपं जातं. खडी पसरल्यावर रुळाची आतली कड मोकळी आहे ना ते ब्रशनं बघा, मगच पातळ गोंद सोडा: एक भाग गोंद, तीन भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब.

तुमच्या नऊ मिलिमीटरबद्दल माझ्या मनात अढी नाही. ज्याच्याकडे भिंतभर जागा आहे आणि ज्याला तयार यंत्रणा हवी आहे त्याच्यासाठी तो उत्तम मार्ग आहे. मात्र "ज्याला खरंच करायचंय त्यानं" हे पटत नाही. लहान जागेत नीट मोजून केलेलं काम तितकंच खरं असतं.

दोन फुटांच्या लाइन, म्हणजे ग्वाल्हेर-श्योपूर किंवा माथेरान, यांना वरचा हिशेब लागू नाही. ६१० भागिले १२० म्हणजे पाचच्या आसपास येतं. त्यांच्यासाठी टी गेज या अगदी छोट्या मापाचे ३ मिलिमीटरचे रूळ १:२०० मापात घ्या, ६०० होतात, चूक दोन टक्क्यांहून कमी. १:२०० ची माणसं आणि झाडं आर्किटेक्टच्या मॉडेलांचं सामान विकणाऱ्याकडे मिळतात. लक्षात ठेवा, टी गेजची पकड चुंबकी चाकांवर आहे, त्यामुळे रूळ पोलादाचे असतात आणि पावसाळ्यात गंजतात. वाळूवर चुंबक फिरवण्याचं काम तिथे दुप्पट काळजीनं करायला हवं, कारण लोहकण थेट चाकांना चिकटतात.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय, मियागामला ब्रॉड गेज शेजारी दाखवायचं तर काय. १६७६ भागिले १२० म्हणजे १३.९७. टीटीचे तयार १२ मिलिमीटरचे रूळ तिथे लावू नका. शेजारी नॅरो गेज असल्यामुळे कमी पडलेले दोन मिलिमीटर लगेच डोळ्यात भरतात. त्या एका लाइनवर गाडी चालवायची नसेल तर १४ मिलिमीटरवर हातानं डाग देऊन रूळ लावा. कोड ६० चे जे रूळ नॅरो गेजसाठी बाद केले ते इथे बरोबर बसतात. स्लीपर २७५० मिलिमीटरचे, म्हणजे मॉडेलमध्ये २२.९.