लेकराचा पाय बाजेला बांधू नका

परवा अंबाजोगाईला अक्काकडं गेलो, तर नऊ वर्षांच्या भाच्याच्या घोट्यावर लाल वळ. रात्री ओढणीनं पाय बाजेला बांधते म्हणाली. कारण व्हॉट्सॲपवरचा मेसेज: "झोपेत चालणं ही बाहेरची बाधा आहे. उठवलं तर जागीच जीव जातो. अमावस्येला उतारा करा, रात्री पाय बांधा, नाहीतर मोठेपणी वेड लागतं." माझ्याही फोनवर आला होता. वाचून सोडून दिला, ते चुकलंच.

आधी बांधण्याचं. झोपेत चालणाऱ्या लेकराचे डोळे उघडे असतात, पाय चालतात, भान मात्र नसतं. पाय बांधलेला असताना ते उठलं की तोंडावर आपटणार. रात्री घरात साप निघाला तर पळणार कसं? आणि भाचा मला विचारतो, "मामा, माझ्या अंगात कोण येतंय?" नऊ वर्षांच्या लेकराला हे विचारावं लागतंय! पाय मोकळा ठेवा, दाराला वर कडी बसवा, कडीला घुंगरू बांधा. उन्हाळ्यात आपल्याकडं सगळं घर गच्चीवर झोपतं आणि कित्येक गच्च्यांना कठडाच नसतो. अशा लेकराला खाली झोपवा.

बाधा कसली? गाढ झोपेत मेंदूचा काही भाग जागा होतो, बाकीचा झोपलेलाच राहतो. बहुतेक वेळा हे झोप लागल्यावर पहिल्या काही तासांतच होतं. आणि ते घराण्यात चालत येतं. कॅनडात क्वेबेकमधल्या जवळपास दोन हजार मुलांचा अभ्यास 2015 साली छापून आला. आईबापांपैकी कुणीच झोपेत चालत नव्हतं, त्यांची 22.5 टक्के मुलं चालली. एक जण चालायचा तिथं 47.4 टक्के, दोघंही चालायचे तिथं 61.5. आमचे दाजी लहानपणी रात्री उठून गोठ्यात जाऊन बसायचे, हे अक्काच्या सासूबाईंनीच माझ्यादेखत सांगितलं. मग उतारा कुणाचा काढायचा?

उठवण्याबद्दल थोडं खरं आहे, तेवढं मान्य. गदागदा हलवलं तर लेकरू भांबावतं, ओरडतं, हात झटकतं. जीव जात नाही. हाताला धरून हळूच अंथरुणावर न्या.

वेडाचं तर नावच काढू नका. बहुतेक लेकरांचं वयात येईपर्यंत आपोआप थांबतं. अपुरी झोप, ताप, ताण यांनी वाढतं, म्हणून वेळेवर झोपवा. लेकरू घोरत असेल, त्याला इजा होत असेल किंवा मोठ्या माणसाला नव्यानं सुरू झालं असेल, तर डॉक्टर गाठा.

कडी मी त्याच दिवशी बसवून आलो. अक्काला तो मेसेज ज्यांनी पाठवला, त्यांनी हेही त्याच ग्रुपवर टाकावं.